एटॉरव्हास्टॅटिन सुरू केल्यापासून वाइनची चव हरवलीय. कुणाला असा अनुभव आहे का?

सेलरवाला_दिंडोरी
२७ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यातल्या एका छोट्या वायनरीत मी सेलर, म्हणजे वाइनच्या टाक्या आणि बॅरल, सांभाळतो. वय ५१, आणि यंदाचा हा माझा एकोणिसावा क्रश, म्हणजे वाइन बनवायचा हंगाम.

ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणीच्या दिवसांत, आमच्याकडे सगळ्यांची रक्ततपासणी झाली. माझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १७२ निघालं. वडील त्रेपन्नाव्या वर्षी बागेतच हार्ट अटॅकने गेले, थोरल्या भावाची अठ्ठेचाळिसाव्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी एटॉरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी २० मिलिग्रॅम लिहून दिली, रोज रात्री एक. मी एकही दिवस चुकवलेली नाही.

डिसेंबर संपता संपता आधी चहा बिघडला. मला तो पांचट लागायचा, म्हणून साखर वाढवत गेलो. मग ठेचा नुसताच तिखट लागायला लागला, त्यातली लसणाची, मिठाची चव गेली. तरी मी मनावर घेतलं नाही, थंडीचे दिवस आहेत म्हटलं. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेल्या वर्षीची सोव्हिन्यों ब्लां चाखली आणि हातपाय गार पडले. जिच्या आंबटपणाने जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटायचं ती वाइन पाण्यासारखी खाली उतरली. शिराझ घेतली तर हिरड्या कोरड्या पडतात तेवढ्या पडल्या, पण मधलं सगळं रिकामं. आणि गिळलं काय, थुंकलं काय, मागे एक चव राहते. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक कळकतं ना, तशी. ती दोन-दोन तास जात नाही.

आता जे झालं ते लिहितो. १९ तारखेला टाकी नंबर सातमध्ये शेनिन ब्लां आंबत होती. मी सकाळी सहापासून तिथेच होतो. अकराच्या सुमाराला लॅबमधली मुलगी आली. ती नवीन आहे, तिचा हा दुसराच हंगाम. तिने नळातून ग्लास भरला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "सर, सडक्या अंड्यांचा वास येतोय." मला काहीच येत नव्हता. तिने पुन्हा ग्लास पुढे केला, तरी नाही. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की हायड्रोजन सल्फाइड होतो, हे मी तिला मागच्या वर्षी शिकवलं होतं. आम्ही लगेच यीस्टला नायट्रोजन देणारं डीएपी घातलं, हवा देऊन रॅकिंग केलं, म्हणजे वाइन दुसऱ्या टाकीत काढली, टाकी वाचली. पण ती मुलगी त्या वेळी आली नसती तर?

बायको सोडून कुणाला सांगितलेलं नाही. मालकांनाही नाही. फेब्रुवारीच्या शेवटी ब्लेंड, म्हणजे कोणती वाइन कशात किती मिसळायची ते, ठरवायचे आहेत आणि ते दरवर्षी मी ठरवतो.

मला एवढंच विचारायचंय. कोलेस्टेरॉलच्या गोळीने असं होतं का? होत असेल तर गोळी बदलून फरक पडतो का? आणि चव परत येते का? गोळी सोडायची माझी इच्छा नाही, वडिलांचं वय मला दिसतंय. पण जीभ आणि नाक गेलं तर मला दुसरं काही येत नाही.

---

कुंदा_ठाणे
२७ जानेवारी, रात्री १०:२५

भाऊ, मी वाइन कधी प्यायलेली नाही, पण तुमचं वाचून राहवलं नाही. मला नऊ वर्षांपूर्वी सिमव्हास्टॅटिन दिली होती, तीही कोलेस्टेरॉलचीच गोळी. महिन्याभरात तोंड कडू. सकाळी उठल्यापासून कारल्याची साल चघळल्यासारखं. माझ्या आमटीत मीठ वाढत चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता. आमच्या ह्यांना बीपी, ते बिचारे मुकाट जेवत होते. शेवटी सुनेने सांगितलं, "आई, आमटी खारट होतेय." मला रडू आलं. चाळीस वर्षं हातानेच मीठ घालतेय, कधी चमचा लागला नाही.

डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळी बदलून रोसुव्हास्टॅटिन केली. तीनेक आठवड्यांत कडूपणा गेला, तो आजतागायत आला नाही. तेव्हा गोळी बदलून फरक पडू शकतो, निदान मला पडला. पण मनाने बंद करू नका हो. आणि मालकांना सांगा. लपवून ठेवलेल्या गोष्टीचं ओझं वेगळंच असतं.

---

हिरवंपान
२८ जानेवारी, सकाळी ७:१०

ही रसायनं शरीरात घालायचीच कशाला? गोळी आज बंद करा. लाल यीस्टच्या तांदळाच्या कॅप्सूल मिळतात, पूर्ण नैसर्गिक. जोडीला उपाशीपोटी लसूण. माझ्या मेव्हण्याचं कोलेस्टेरॉल दोन महिन्यांत खाली आलं.

---

फार्मासिस्ट_सांगलीकर
२८ जानेवारी, दुपारी १:०५

हिरवंपान, तुमच्या मेव्हण्यांचं कोलेस्टेरॉल खाली आलं असेल, मला शंका नाही. त्या लाल तांदळावरच्या बुरशीत मोनॅकोलिन के नावाचं द्रव्य असतं. तेच द्रव्य शुद्ध करून लोव्हास्टॅटिन या नावाने विकतात. स्टॅटिन म्हणजे एटॉरव्हास्टॅटिनच्या जातीची, कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं, आणि अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालेलं पहिलं स्टॅटिन ते हेच. म्हणजे मेव्हणे स्टॅटिनच घेताहेत, फक्त प्रत्येक कॅप्सूलमध्ये किती आहे ते माहीत नसताना. मुळात हा सगळा औषधांचा वर्गच बुरशीतून आलेला आहे. जपानमध्ये अकिरा एंडो यांनी सुमारे सहा हजार सूक्ष्मजीव तपासले आणि १९७३ मध्ये पेनिसिलियमच्या एका जातीत पहिलं स्टॅटिन सापडलं. त्यामुळे नैसर्गिक विरुद्ध रासायनिक हा वाद इथे लागू पडत नाही.

आता दिंडोरीकर दादा, तुमच्याकडे येतो. एटॉरव्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकात चव बदलणे हा दुष्परिणाम लिहिलेला आहे. तो 'क्वचित' या गटात येतो, म्हणजे हजारात एकापेक्षा जास्त पण शंभरात एकापेक्षा कमी लोकांना. तेव्हा होऊच शकत नाही असं कुणी म्हणालं तर ते चूक. कुंदाताईंचा अनुभवही मी नाकारत नाही.

पण सगळा दोष स्टॅटिनवर टाकायच्या आधी एक सांगतो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेले ६० लोक घेतले. त्यांना वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या: चारांत एटॉरव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, चारांत औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, चार बाटल्या रिकाम्या. कोणत्या महिन्यात किती त्रास झाला ते रोज फोनवर नोंदवायचं. गोळीच्या महिन्यांत जो जास्तीचा त्रास झाला, त्याचा ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीनेही झाला. आपली नोंद बघितल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. त्यांचा त्रास खोटा नव्हता, तो त्यांना होतच होता. फक्त त्याचं मुख्य कारण गोळीच्या आतलं औषध नव्हतं. म्हणून "गोळी घेतली आणि नंतर झालं" एवढ्यावर मी तरी निकाल देत नाही.

दुकानात कुणी चव गेल्याची तक्रार घेऊन आला की मी आधी बाकीच्या गोळ्या विचारतो. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनने तोंडात धातूची चव येते. बीपीच्या गोळ्यांत कॅप्टोप्रिल त्यासाठी जुनी बदनाम आहे. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घेणाऱ्याला तर दुसऱ्या दिवसापासून तोंड कडू. हिरड्या सुजल्या, तोंड कोरडं पडलं, कोविड होऊन गेला, जस्त कमी पडलं, या सगळ्याने चव बिघडते. आणि थायरॉइड. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं, आणि चव व वासही बोथट होऊ शकतात. म्हणजे एकाच मुळाला दोन फांद्या फुटलेल्या असतात आणि आपण एका फांदीवर दुसरीचा आळ घेतो. तुमची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, झाली आहे का?

ऑक्टोबरपासून तुम्ही पोटात घेतलेली प्रत्येक गोळी इथे लिहा. दातांच्या, त्वचेच्या, गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेली, वैद्यांनी दिलेली, बायकोने दिलेली, सगळी. गोळी कधी सुरू केली ती तारीखही हवी.

---

सेलरवाला_दिंडोरी
२८ जानेवारी, रात्री ८:५०

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. कुंदाताई, मिठाचं वाचून घशाशी आलं. मला अगदी तसंच वाटतंय.

सांगलीकर, टीएसएच ऑक्टोबरच्या तपासणीत होती, ३.१, ठीक आहे म्हणाले. बीपी, शुगर नाही. कोविड २०२१ मध्ये झाला होता, तेव्हा वास आठ दिवस गेला होता, पण त्यानंतरचे चारही क्रश व्यवस्थित झाले. दारूचं डॉक्टरांनी विचारलं होतं. कामावर मी थुंकतो, घरी पीत नाही.

गोळ्या म्हणाल तर एटॉरव्हास्टॅटिन ९ ऑक्टोबरपासून. नोव्हेंबरमध्ये दाढ दुखली तेव्हा दोन दिवस पॅरासिटामॉल. आणि एक आहे, पण ती पायाची आहे म्हणून आधी लिहिली नाही. हंगामात दिवसभर गमबूट, आत पाणी जातं. दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, जाड झाली होती. त्वचेच्या डॉक्टरांनी बुरशी सांगितली आणि टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम दिली, रोज एक, बारा आठवडे. २१ नोव्हेंबरला सुरू केली.

---

फार्मासिस्ट_सांगलीकर
२८ जानेवारी, रात्री ९:१५

दादा, मी जे शोधत होतो ते बहुतेक सापडलं.

चव घालवणाऱ्या गोळ्यांत टर्बिनाफिनचं नाव फार वर आहे. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं: चव कमी होणे, चव पूर्ण जाणे. हे लगेच होत नाही, काही आठवड्यांनी सुरू होतं. तुमचा चहा डिसेंबरच्या शेवटी बिघडला, म्हणजे टर्बिनाफिन सुरू करून पाच आठवडे झाले होते. एटॉरव्हास्टॅटिन त्याच्या आधी सहा आठवडे तुम्ही घेत होतात आणि तेव्हा जीभ शाबूत होती. मी डॉक्टर नाही, पण माझं बोट नखाच्या गोळीकडे जातं.

उद्याच त्वचेच्या डॉक्टरांना गाठा. गोळी बंद केल्यावर बहुतेकांची चव काही आठवड्यांत परत येते, पण काहींना बराच जास्त काळ लागल्याची उदाहरणं आहेत, म्हणून कोर्स पूर्ण करू म्हणून थांबू नका. लिव्हरची तपासणीही करून घ्या, या गोळीसोबत ती करायचीच असते. आणि एक महत्त्वाचं. "मग बुरशीची दुसरी गोळी द्या" असं म्हणाल तर इट्राकोनाझोल लिहून मिळण्याची शक्यता आहे. ती एटॉरव्हास्टॅटिनसोबत शक्यतो टाळतात. ती लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवते, स्टॅटिन रक्तात साचतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. तुम्ही स्टॅटिनवर आहात हे त्वचेच्या डॉक्टरांना तोंडाने सांगा, फाइलमध्ये असेल असं धरू नका. ग्रेपफ्रूट आणि पपनसाबद्दलही तेच. त्यातलं द्रव्य ह्याच एन्झाइमला अडवतं, म्हणून एटॉरव्हास्टॅटिन घेणाऱ्याने ही फळं भरपूर खाऊ नयेत. नुसती द्राक्षं कितीही खा.

---

सेलरवाला_दिंडोरी
२८ जानेवारी, रात्री १०:३०

गेला तासभर मी टर्बिनाफिन काम कसं करते ते वाचत बसलोय. ती बुरशीचं स्क्वॅलीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम अडवते, म्हणून बुरशीला एर्गोस्टेरॉल, म्हणजे तिचं कोलेस्टेरॉलच म्हणा, बनवता येत नाही. हे वाचलं आणि उठून बसलो. यीस्टही बुरशीच, आणि आम्ही आंबण्याच्या सुरुवातीला टाकीला हवा देतो ती ह्याचसाठी! त्या एन्झाइमला ऑक्सिजन लागतो, आणि एर्गोस्टेरॉल नसेल तर यीस्टच्या पेशीचा पडदा कच्चा राहतो, शेवटी अल्कोहोल चढलं की यीस्ट मरतं आणि साखर अर्धवट राहते. माणसाच्या लिव्हरमध्ये तशाच साखळीतून कोलेस्टेरॉल बनतं, आणि स्टॅटिन तिची आधीची एक कडी अडवतं. एकोणीस वर्षं ज्या साखळीची मी टाकीत काळजी घेतली तिच्या दोन कड्यांवरच्या दोन गोळ्या मी रोज रात्री गिळत होतो, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल हे डोक्यातही आलं नाही.

उद्या सकाळी नाशिकला जातोय.

पण एक प्रश्न राहतोच. ही चवीची गोष्ट झाली. त्या अंड्यांच्या वासाचं काय? तिथे तर माझं नाक चुकलं.

---

ऋजुता_अॅडलेड
२९ जानेवारी, सकाळी ६:२०

दादा, मी मूळची निफाडची, इथे ऑस्ट्रेलियात वाइनच्या लॅबमध्ये काम करते. तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी खाते उघडलं.

तुम्ही सकाळी सहापासून त्या टाकीपाशी होतात आणि मुलगी अकराला बाहेरून आली. हायड्रोजन सल्फाइड हा नाकाला सगळ्यात लवकर थकवणाऱ्या वासांपैकी आहे. हळूहळू वाढत गेला तर आत असलेल्या माणसाला तो कळतच नाही. माझं नाक कितीही चांगलं असलं तरी पाच तास तिथे उभी राहिले असते तर माझंही चुकलं असतं. ती घटना तुमचं नाक गेल्याचा पुरावा नाही. सेलरमधून बाहेर जाऊन, मोकळ्या हवेत दहा मिनिटं थांबून मग ग्लास हुंगला होता का?

दुसरं, तुमच्या वर्णनात एक खूण आहे. शिराझने हिरड्या कोरड्या पडतात असं तुम्ही लिहिलंय. टॅनिनचा, म्हणजे लाल वाइनमधल्या तुरट द्रव्याचा, तो कोरडेपणा हा मुख्यतः स्पर्श आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडाचा ओशटपणा जातो. ठेच्याचा तिखटपणाही चव नव्हे, ती एक प्रकारची जळजळ आहे. या दोन्ही जाणिवा तुम्हाला शाबूत आहेत. गेलंय ते आंबट, खारट, गोड, म्हणजे जिभेच्या चवपेशींचं काम. या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होत असतात. वासाबद्दल तुम्ही एकही नेमकी तक्रार लिहिलेली नाही, फक्त ती टाकी.

तेव्हा अंदाज नको, मोजूया. नाक आणि जीभ वेगवेगळी तपासा.

नाकासाठी ग्लास तोंडाला लावायचाच नाही. तीन ग्लास, दोघांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा कोणता ते ओळखायचं. ग्लास त्या मुलीने भरायचे, तुम्ही पाठ करून बसायचं, ग्लासांवर नुसते आकडे. जिभेसाठी नाकाला चिमटा लावा. वाइन घेऊ नका, पाणी घ्या. तीन ग्लासांपैकी एकात लिटरला अर्धा ग्रॅम टार्टरिक आम्ल, ते तुमच्याकडे पोत्याने असेल. दरवेळी वेगळा ग्लास शोधायचा. असं बारा वेळा करा. नुसत्या नशिबाने बारांपैकी चार बरोबर येतात. आठ किंवा जास्त आले तर तुम्हाला खरंच कळतंय असं समजा. एका दिवसात सगळं करू नका, जीभ दमते.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण तुम्ही फार घाबरलेले दिसताय. शिराझला मिरीचा वास देणारं रोटंडोन हे द्रव्य इथेच अॅडलेडला शोधलं, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तेव्हा कळलं की साधारण पाचातल्या एका माणसाला ते पाण्यात बरंच जास्त घातलं तरी येत नाही. अशी माणसंही उत्तम वाइन बनवतात. आपल्या नाकात काय नाही हे माहीत असलं की बाजूला दुसरं नाक बसवता येतं.

---

सेलरवाला_दिंडोरी
४ फेब्रुवारी, रात्री ९:००

ऋजुता, निफाडची आहेस म्हटल्यावर घरचीच झालीस. नाही, बाहेर जाऊन हुंगलं नव्हतं. नवीन पोरांना मी हेच सांगतो आणि स्वतः केलं नाही.

२९ तारखेला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टर्बिनाफिन लगेच बंद केली आणि नखावर लावायचं औषध दिलं. ते सावकाश काम करेल म्हणाले, करू दे. लिव्हरची तपासणी ठीक आली. तिथूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. एटॉरव्हास्टॅटिन चालू ठेवा, दीड-दोन महिन्यांत चव आली नाही तर गोळी बदलून बघू, असं ठरलं.

मग परीक्षा. मुलीला सगळं सांगावं लागलं. तिने ऐकलं आणि एवढंच विचारलं, "सर, ग्लासांवर आकडे मार्करने टाकू की स्टिकर लावू?"

नाक: सोव्हिन्यों आणि शेनिन, तीन-तीन ग्लास, बारा वेळा. दहा बरोबर. सोव्हिन्योंमधला ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास मला डोळे मिटून लांबून येत होता. दहा ऐकल्यावर मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो थोडा वेळ.

जीभ: नाकाला चिमटा, टार्टरिकचं पाणी. बारांपैकी पाच. म्हणजे नुसता अंदाज. तिला तोच ग्लास पहिल्या घोटात कळत होता, मला सगळं पाणी.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. कागद पुढे ठेवला. आकडे होते म्हणून बोलता आलं, नुसतं "चव लागत नाही" म्हणून गेलो असतो तर तोंडातून शब्द फुटला नसता. त्यांनी कागद वाचला, आणि म्हणाले, "यंदा नाक तुमचं, जीभ तिची. आंबटपणा लॅबच्या आकड्यांवर आणि तिच्या तोंडावर ठरेल. ब्लेंड मात्र तुम्हीच मांडायचे."

---

कुंदा_ठाणे
४ फेब्रुवारी, रात्री ९:४५

किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्या मुलीला माझे आशीर्वाद सांगा. मी पण आज गोळ्यांचा डबा काढून सगळ्यांच्या तारखा एका वहीत लिहिल्या. चहा कसा लागतोय ते कळवत राहा.

---

फार्मासिस्ट_सांगलीकर
५ फेब्रुवारी, दुपारी २:३०

हे वाचून आज दुकानात एका ताईंना टर्बिनाफिन देताना थांबून सांगितलं, चव बदलली तर लगेच या. आधी सांगत नव्हतो, फक्त लिव्हरचं सांगायचो.

---

सेलरवाला_दिंडोरी
२५ फेब्रुवारी, रात्री १०:१०

चार आठवडे झाले. कळकट चव साधारण दहाव्या दिवशी कमी व्हायला लागली, आता फक्त सकाळी उठल्यावर असते. गेल्या रविवारी जेवताना लिंबाची फोड चोखली आणि जिभेची उजवी कड आकसली. डावी नाही. बायकोला म्हटलं, आली, अर्धी आली. ब्लेंड ठरले. तीन रात्री आम्ही दोघांनी मिळून काम केलं. शेनिनमध्ये तिला जिथे आंबटपणा टोचत होता तिथे मला काहीच नव्हतं, मी तिचं ऐकलं. शिराझला बॅरलचा वास जास्त होतोय हे मी सांगितलं, तिने ऐकलं.

---

सेलरवाला_दिंडोरी
१९ मार्च, रात्री ९:२०

आज पुन्हा बारा वेळा बसलो. चिमटा, पाणी, अर्धा ग्रॅम टार्टरिक. नऊ बरोबर.

एटॉरव्हास्टॅटिन ह्या सगळ्या काळात एक दिवसही बंद नव्हती. तिच्यासकटच जीभ परत आली, त्यामुळे माझ्यापुरतं तरी उत्तर मिळालं. कुंदाताईंना सिमव्हास्टॅटिननेच त्रास झाला हेही तितकंच खरं. एलडीएल आता ९८ आहे. घरचा इतिहास बघता डॉक्टरांना ते अजून खाली हवंय, एप्रिलच्या खरड छाटणीआधी पुन्हा तपासून डोस वाढवायचा का ते ठरेल. थोरल्या भावाकडे जाऊन त्याच्याही गोळ्यांची यादी तारखांसकट लिहून आणली.

टाकी सातमधली शेनिन निवळलीय. सकाळी आधी बाहेर जाऊन मोकळ्या हवेत उभा राहिलो, मग ग्लास घेतला. पेरूचा वास आहे, आणि शेवटी आंबटपणा दोन्ही कडांना लागतो.

कुंदाताई, चहा आज फार गोड लागला. साखर पुन्हा एक चमचा करायला सांगितलीय.